लेसविंगचा फोटो कुठेच जुळत नाहीये, नवी प्रजाती असू शकते का?

निशाचर:
रात्री पांढरा पडदा टांगून दिवा लावायचा आणि येतील ते किडे बघायचे असा नाद आहे, त्यात हिरव्या लेसविंग (जाळीदार पंखांचे नाजूक किडे, क्रायसोपा म्हणतात तेच) बऱ्याच येतात. त्यातली एक वेगळी वाटली. अंग पोपटी, पाठीवरून फिकट पिवळा पट्टा, डोळे सोनेरी, इथपर्यंत नेहमीचंच. पण गालावर लाल रेघ आहे, मिशीचं पहिलं जाड पेर असतं ना त्याच्या बाहेरच्या बाजूला तसाच लाल ओरखडा, आणि पुढच्या पंखाच्या मागच्या कडेजवळ एक तपकिरी ठिपका, दोन्ही पंखांवर अगदी एकाच जागी. ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपला विचारलं तर ते म्हणतं क्रायसोपर्ला (हिरव्या लेसविंगमधलाच एक गट), पण ते काय, हिरवं आणि जाळीदार दिसलं की क्रायसोपर्लाच म्हणतं. नेटवर ढिगाने फोटो चाळले, जुळणारं काही सापडलं नाही. नवी प्रजाती असू शकते का? आणि असलीच तर पुढे नक्की काय करायचं असतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पंखशिरा:
असू शकते, पण "नेटवर जुळत नाही" यावरून काहीच ठरत नाही, कारण वर्णन झालेल्या कित्येक प्रजातींचा जिवंत फोटो नेटवर नाहीच. नुसत्या हिरव्या लेसविंगच्या कुळात १,४०० च्या वर प्रजाती आहेत आणि न्यूरॉप्टेरा हा अख्खा गण धरला तर साधारण ६,०००. त्यातल्या बऱ्याच फक्त जुन्या कागदावर आणि टाचणीला टोचलेल्या एखाद्या नमुन्यावरच आहेत.

आधी कूळ पक्कं करा. पुढच्या पंखाची पुढची कड बघा, तिथे आखूड आडव्या शिरांची शिडी दिसेल. हिरव्या लेसविंगमध्ये या शिरा सरळ एकेरी जाऊन कडेला टेकतात, तपकिरी लेसविंगमध्ये त्यातल्या बऱ्याच शिरांना कडेजवळ फाटे फुटतात. रंगावर जाऊ नका, तपकिरी लेसविंगच्या कुळातही फिकट हिरवे मेंबर आहेत आणि हिरव्यांच्या कुळात तपकिरी.

मग पंखाच्या बुंध्याकडे मधोमध एक छोटं बंद घर दिसतं, इंट्रामीडियन सेल म्हणतात त्याला. त्याचा आकार कसा आहे, आणि वरून येणारी पहिली आडवी शीर त्या घरावरच टेकते की घर संपल्यावर पुढे, यावर बऱ्याच जीनसची (जवळच्या प्रजातींच्या गटांची) गाळणी होते. तुमच्या फोटोत पंख घडी घातलेले आहेत त्यामुळे चारही पंखांची जाळी एकमेकांवर चढलीये आणि काहीच मोजता येत नाहीये. चेहरा अगदी समोरून, डोकं आणि मानेची ढाल वरून, एक पंख आडवा पसरून, पायाची नखं, आणि पोटाचं टोक बाजूने, एवढे फोटो हवेत. पाठीवरून काढलेला सुंदर फोटो ओळखीच्या कामाचा सगळ्यात कमी.

खडूस_काका:
आला, महिन्याचा "नवी प्रजाती" धागा आला.

निशाचरराव, मन मोडायचं नाहीये पण रंगावर काय काय अवलंबून असतं ते ऐका. क्रायसोपर्ला कार्निया थंडीत सुप्तावस्थेत जाते तेव्हा हिरवीची चक्क तपकिरी-लालसर होते आणि थंडी संपली की परत हिरवी. मेल्यावर हिरवा रंग पिवळा पडतो. अल्कोहोलमध्ये टाकली तर हिरवा धुऊनच निघतो, लालचाही भरवसा नाही, काळे-तपकिरी डाग तेवढे टिकतात. आता जुन्या वर्णनात "पिवळसर कीटक" असं लिहिलंय आणि तुमच्या हातात पोपटी कीटक आहे, तर तो वेगळा की तोच? सांगा बघू.

गवतफुला:
पण काका, फोटोवरून प्रजाती सापडलीच आहे की! सेमाक्रायसा जेड. मलेशियातल्या सेलँगॉरच्या जंगलात गुएक हॉक पिंग या फोटोग्राफरने २०११ मध्ये एका लेसविंगचा फोटो काढून फ्लिकरवर टाकला, पंखांच्या बुंध्याजवळ काळ्या नक्षीचा. तो शॉन विंटरटन या कॅलिफोर्नियातल्या कीटकशास्त्रज्ञाने सहज चाळताना बघितला, आणि ज्याचा आयुष्यभराचा धंदाच लेसविंगचा त्यालाही ती ओळखता येईना. २०१२ ला नाव जाहीर झालं. म्हणजे निशाचर, तुम्ही फोटो टाकलात ते बरोबरच केलंत. नाव हिरव्या रंगावरून वाटतं पण ते विंटरटनच्या मुलीचं नाव आहे.

खडूस_काका:
गवतफुला, ही गोष्ट सगळे अर्धीच सांगतात. विंटरटनने नमुना मागितला तर गुएककडे नमुना नव्हता, फोटो काढला आणि किडा उडून गेला. मग तो परत त्याच भागात गेला तेव्हा कुठे एक पकडता आली. ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमात स्टीफन ब्रुक्सकडे गेली, त्याने हातात घेऊन तपासली, आणि मग तिघांनी मिळून पेपर लिहिला. फोटोने शोध लागला हे कबूल, प्रजाती मात्र त्या पकडलेल्या किड्यावर उभी आहे.

एक_वाचक:
वाखूसा (वाचनखूण साठवली). एक शंका, फोटोलाच मूळ नमुना मानून नाव देता येत नाही का? कुठेतरी वाचलं होतं की एका माशीला असं दिलंय.

कोषातला:
दिलंय. मार्लेयिमिया झायलोकोपी, दक्षिण आफ्रिकेतली बी-फ्लाय, २०१५. निव्वळ फोटोंवरून. त्यावर जगभरच्या वर्गीकरणवाल्यांत केवढा राडा झाला. नावांचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने २०१७ मध्ये खुलासा केला, की नमुना जपून ठेवलेला नसला तरी नाव नियमात बसू शकतं, पण मग नमुना का नाही ठेवता आला याचं नीट कारण द्या. म्हणजे दार बंद नाही, पण उघडंही नाही.

माझं मत विचाराल तर लेसविंगसाठी फोटो-होलोटाइप (फोटोलाच मूळ नमुना मानणं) म्हणजे पुढच्या माणसाच्या डोक्याला ताप. भडक अंगाच्या माशीचं एकवेळ चालेल. लेसविंगमध्ये खरा फरक असतो पोटाच्या टोकाच्या आत, आणि तो कुठल्याच कॅमेऱ्याला बाहेरून दिसत नाही.

निशाचर:
आत म्हणजे? तेवढं जरा सविस्तर सांगा ना कोणीतरी.

सूक्ष्मदर्शी:
सांगतो, हे माझं रोजचं काम. आधी पाण्यात ओलसर करून नमुना मऊ करायचा, मग पोटाचं टोक, कधी कधी अख्खं पोट, बारीक कात्रीने वेगळं करायचं. ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या साधारण १० टक्के द्रावणात टाकायचं. घाई असेल तर गरम पाण्यात ती छोटी कुपी उभी करून, नाहीतर सरळ रात्रभर थंडच ठेवायचं, मला दुसरं आवडतं कारण गरम करताना जरा लक्ष गेलं की नाजूक भाग विरघळल्यासारखे होतात. मांस, चरबी सगळं निघून जातं आणि कवचाचा पारदर्शक सांगाडा उरतो. मग पाण्यात धुवायचं, पोटातली घाण सुईने हलकेच दाबून काढायची आणि क्लोराझोल ब्लॅक या रंगाचा अगदी कण टाकायचा. हा रंग जादा झाला तर सगळंच निळं-काळं होऊन बसतं. नंतर ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली.

आता नर असेल तर आत एक कमानीसारखा भाग दिसतो, त्याला गोनार्कस म्हणतात. त्याच्या मधून चोचीसारखा पुढे आलेला आर्सेसस. काहींमध्ये वरच्या बाजूला एक बारीक आडवी दांडी असते, टिग्नम, काहींमध्ये खाली एक पट्टी असते, गोनॅप्सिस. कुठला भाग आहे, कुठला नाही, कमानीचे हात किती लांब, चोच टोकाला दुभंगलेली आहे का, यावर जीनस आणि पुष्कळदा प्रजाती ठरते. उदाहरणार्थ क्रायसोपर्लात टिग्नम असतो आणि गोनॅप्सिस नसतो, त्यामुळे अ‍ॅप काहीही म्हणो, पोट उघडलं की क्रायसोपर्ला आहे का नाही हे लगेच कळतं.

गंमत म्हणजे हे भाग कलले तरी आकार वेगळा दिसतो. तोच गोनार्कस वरून बघितला तर रुंद कमान, बाजूने बघितला तर नुसती काडी. म्हणून चित्र काढताना वरून, बाजूने आणि मागून अशी तिन्ही काढायची आणि प्रत्येकाखाली कुठून बघितलं ते लिहायचं, जुन्या पेपरांत हे लिहिलेलं नसतं आणि मग आपण तासन् तास डोकं खाजवत बसतो. काम झालं की तो भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा कुपीत घालून त्याच टाचणीला खाली टोचायचा. वेगळ्या पेटीत ठेवला की गेलाच म्हणून समजा.

गवतफुला:
बाप रे. प्रतिसाद जबरदस्त. आणि मादी असेल तर?

सूक्ष्मदर्शी:
मादीतही बघायला आहे, शुक्राणू साठवायची छोटी पिशवी असते, चपट्या डबीसारखी, तिची जाडी आणि तिच्या नळीची वळणं बघतात. पण पुष्कळ जीनसमध्ये माद्यांवरून शेजारच्या प्रजाती सुटत नाहीत. हाताशी एकच मादी असेल तर मी तरी नाव देणार नाही, थांबेन. दुसरं म्हणजे एकाच जागचे अनेक नमुने लागतात, तुमचा तो तपकिरी ठिपका प्रत्येकात आहे का, नर-मादी दोघांत आहे का, हे एका किड्यावरून कसं कळणार?

बायनरी_भाऊ:
मंडळी, २१ व्या शतकात या. एक पाय तोडा, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका, सीओआय बारकोड (मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा, त्यावरून प्रजाती ओळखतात) काढा, डेटाबेसला टाकून बघा. वेगळा निघाला तर नवी प्रजाती, विषय संपला. हे पोट उकळणं वगैरे कशाला?

खडूस_काका:
विषय संपला म्हणे :) कोषातला, तुम्ही सांगता का मी सांगू?

कोषातला:
मीच सांगतो, हा माझा लाडका विषय आहे.

बायनरी_भाऊ, पाय जरूर ठेवा, डीएनए लागतोच. पण लेसविंगमध्येच असं एक प्रकरण आहे की जिथे बारकोडही लंगडा पडला आणि पोटही. क्रायसोपर्ला कार्निया. १८३६ साली वर्णन झालं, नंतर कितीतरी वर्षं असा समज होता की उत्तर गोलार्धात सगळीकडे हीच एक प्रजाती आहे, पिकांवरचा मावा खाते म्हणून ती पाळतात, विकतात, शेतात सोडतात. मग कनेक्टिकट विद्यापीठाचे चार्ल्स हेन्री यांनी त्यांची गाणी ऐकायला घेतली. गाणी म्हणजे कानाला ऐकू येणारी नव्हेत. नर पान किंवा काडी धरून उभा राहतो आणि पोट जोरजोरात वरखाली थरथरवतो, पोट पानाला लागतही नाही, पण तो कंप पायांतून पानात उतरतो आणि त्याच पानावर उभ्या असलेल्या मादीला तिच्या पायांतून कळतो. मग ती त्याच तालात उत्तर देते. दोघांचा ताल जुळला तरच पुढचं. कंपाची गती, एका झटक्याची लांबी, दोन झटक्यांमधली थांबायची वेळ, हे प्रत्येक प्रजातीचं ठरलेलं. ताल चुकला तर मादी उत्तरच देत नाही.

तर अशा तालांवरून दिसलं की बाहेरून जवळपास सारख्या दिसणाऱ्या कितीतरी प्रजाती एकाच जागी राहतात आणि आपसात मिसळत नाहीत. १९९३ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या दोन नव्या प्रजाती, अ‍ॅडम्सी आणि जॉन्सनी, गाण्यांच्या आधारे जाहीर झाल्या, युरोपातली पॅलिडा २००२ मध्ये, अ‍ॅजिलिस २००३ मध्ये. प्रयोगशाळेत कोंडून जोड्या लावल्या तर काहींची संकर पिल्लंसुद्धा होतात. आणि यांचा मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए इतका जवळचा आणि एकमेकांत मिसळलेला की नुसत्या सीओआयवर त्या सुटत नाहीत. तुमच्या पद्धतीने सगळ्या एकच ठरल्या असत्या. उलटही होतं बरं का, एकाच प्रजातीच्या दोन लांबच्या वस्त्यांत बारकोड बराच वेगळा निघतो आणि लोक घाईने दोन नावं देऊन मोकळे होतात.

बायनरी_भाऊ:
ओके हे माहीत नव्हतं. पण मग शेतात सोडायच्या लेसविंगला काय फरक पडतो, मावा खाल्ला म्हणजे झालं ना?

पंखशिरा:
पडतो. भारतात वर्षानुवर्षं पेपरांत आणि पुस्तकांत जिला क्रायसोपर्ला कार्निया लिहिलं जायचं ती शेतातली लेसविंग खरंतर क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी आहे, हे २०१० मध्ये गाणी, रूप सगळं तपासून दाखवलं. म्हणजे तोपर्यंत कार्नियाच्या नावावर जमवलेली माहिती, किती तापमानाला किती दिवसांत वाढते, कुठल्या औषधाला दाद देत नाही वगैरे, नक्की कुठल्या प्रजातीची हे प्रत्येक जुन्या पेपरात परत जाऊन बघायला लागतं. आणि बाहेरून आणून सोडलेली लेसविंग जर स्थानिक तालाला उत्तरच देत नसेल तर ती तिथे टिकेल का, मिसळेल का, हा वेगळा प्रश्न.

खडूस_काका:
बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पण या सगळ्याच्या आधीची पायरी कोणीच बोलत नाहीये आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. जुनी नावं. समजा निशाचररावांची लेसविंग आज जिवंत असलेल्या एकाही तज्ज्ञाने बघितलेली नाही, तरीही तिला शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी नाव देऊन ठेवलेलं असू शकतं. सातबारा न बघता जमीन घेण्यासारखं आहे हे. प्राण्यांच्या नावांचा हिशोब १७५८ पासून सुरू होतो, लिनियसनेच त्या वर्षी आज क्रायसोपा पर्ला म्हणतो तिला नाव दिलं होतं, आणि जे नाव आधीचं ते चालतं.

आता लेसविंगवाल्यांची खास डोकेदुखी म्हणजे लाँजिनोस नवास, स्पेनचे जेझुइट पाद्री, १८५८ ते १९३८. जगभरातून त्यांना किडे यायचे आणि ते धडाधड नावं द्यायचे. वर्णन चार ओळींचं, लॅटिनमध्ये किंवा स्पॅनिश-फ्रेंचमध्ये, अंगाचा रंग, डागांची जागा, पंखाची लांबी, संपलं. पोटाच्या आतलं काही नाही, त्या काळात बघायचेच नाहीत. त्यांची कितीतरी नावं नंतर दुसऱ्या आधीच्या नावांत विलीन करावी लागली. मूळ नमुने ठिकठिकाणच्या संग्रहालयांत विखुरलेले, काही तर हरवलेच. आता त्या चार ओळी तुमच्या किड्याला लागू पडल्या तर? मूळ नमुना शोधायचा, संग्रहालयाला विनंती करायची, त्याच्या पोटाचं टोक कोणीतरी साफ करून बघायचं. तो नमुना मादी निघाला किंवा पोटच किड्यांनी खाल्लेलं निघालं तर बसा बोंबलत.

एक_वाचक:
मग हे सगळं शोधायचं कुठे? एकेक जुना पेपर?

खडूस_काका:
पूर्वी तेच करायला लागायचं. आता टेक्सास ए अँड एम विद्यापीठातले जॉन ओसवाल्ड यांनी लेसविंग डिजिटल लायब्ररी उभी केलीये, त्यात जगातली सगळी नावं, कुठलं चालू कुठलं बाद, मूळ वर्णन कुठे छापलं, हे मिळतं. तुमच्या भागातून आणि आजूबाजूच्या देशांतून त्या जीनसची जेवढी नावं आहेत तेवढ्यांची यादी काढायची आणि एकेक खोडत जायचं. प्रत्येकापुढे का खोडलं ते लिहायचं, पेपरात तेच लागतं. "मला वेगळी वाटली" हे कारण नाही. "अमकीत गालाची रेघ काळी आणि आर्सेसस दुभंगलेला, हिच्यात रेघ लाल आणि आर्सेसस एकेरी" हे कारण.

गवतफुला:
अवांतर, पण नमुना ठेवण्यावरून आठवलं. पॉलिस्टोकोटीस पंक्टाटा, ती मोठ्ठी लेसविंग, पंख पसरले की पाचेक सेंटिमीटर. अमेरिकेच्या पूर्व भागातून कित्येक दशकं गायब होती. २०१२ मध्ये आर्कान्सातल्या फेएटव्हिलमध्ये वॉलमार्टच्या भिंतीवरून मायकल स्क्वार्ला यांनी एक किडा उचलला आणि अँटलायन (न्यूरॉप्टेरातलाच दुसरा एक किडा) असं लेबल लावून ठेवला. २०२० मध्ये ऑनलाइन वर्गात मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली तोच दाखवत होते, आणि सांगता सांगता लक्षात आलं की हे अँटलायन नव्हेच. मग डीएनए काढून खात्री केली.

सूक्ष्मदर्शी:
अवांतर नाही, अगदी विषयाला धरून आहे. ओळख नंतर सुधारता आली कारण किडा आणि त्याच्यावरची जागा-तारीख दोन्ही शाबूत होतं. लेबलवर ठिकाण, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कोणी पकडला, कसा पकडला म्हणजे दिव्यावर की जाळीने, हे पकडल्या दिवशीच लिहायचं. मोबाइलमध्ये आहे, नंतर लिहू, असं म्हणणाऱ्यांचे नमुने कोणाच्याच कामाचे राहत नाहीत. आणि पकडायची परवानगी लागत असेल तर ती आधी, परवानगी नसलेल्या नमुन्यावर चांगली मासिकं पेपर घेत नाहीत.

निशाचर:
बरंच डोक्यात शिरलं आणि थोडं वरून गेलं :) समजा हे सगळं पार पडलं तर नाव द्यायचे नियम काय? कोणीही देऊ शकतं?

कोषातला:
कोणीही, पदवी लागत नाही. पण पेपर छापलेला हवा, त्यात "नवी प्रजाती" असं स्पष्ट म्हटलेलं हवं, आणि इतरांपासून कशी वेगळी ते लिहिलेलं हवं. २००० सालापासून होलोटाइप ठरवणं सक्तीचं, म्हणजे नाव ज्या नमुन्याला कायमचं बांधलं जातं तो, आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला तेही लिहायचं. ऑनलाइन मासिकात छापलं तर २०१२ पासून झूबँकची (प्राण्यांच्या नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही) नोंदणी पेपरातच दिसली पाहिजे, नाहीतर नाव लागू होत नाही. स्वतःचं नाव द्यायला नियमात बंदी नाही, पण कोणी देत नाही, हसतात लोक.

नावाचं व्याकरणही असतं, जीनसच्या लिंगाप्रमाणे विशेषण बदलतं. क्रायसोपर्ला स्त्रीलिंगी, पण स्यूडोमॅलाडा शेवटी आ असूनही पुल्लिंगी धरतात, म्हणून स्यूडोमॅलाडा प्रासिनस. भलेभले इथे अडकतात.

पंखशिरा:
निशाचर, तुम्हाला एक सुचवू का? परत तशीच दिसली तर लगेच मारू नका. मादी असेल तर जिवंत ठेवा, साखरपाणी द्या, बहुतेक अंडी देईल, धाग्यासारख्या देठांवर उभी केलेली. त्यातून अळ्या वाढवल्या तर एकाच आईची नर-मादी दोन्ही मिळतात, ठिपक्याचं काय होतं ते दिसतं, वर अळीचं वर्णन फुकटात. अळ्यांकडे कोणी बघत नाही पण त्यांच्यात ओळखीची खूण जबरदस्त असते, डोक्यावरचे पट्टे, पाठीवरच्या केसांची रचना. काही अळ्या पाठीवर कचरा, खाल्लेल्या माव्याची सालटं लादून हिंडतात, आणि हे आजचं नाही, स्पेनमध्ये ११ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरमध्ये (दगड झालेल्या झाडाच्या राळेत) पाठीवर कचरा घेतलेली लेसविंगची अळी सापडलीये, हॅल्युसिनोक्रायसा नाव दिलंय तिला २०१२ मध्ये.

निशाचर:
हे जमण्यासारखं आहे, मावा भरपूर मिळतो. अळ्या एका डबीत ठेवल्या तर चालतील?

पंखशिरा:
अजिबात नाही, एकमेकींना खातात. अंडी देठासकट कात्रीने सुटी करा, प्रत्येकाला वेगळी छोटी डबी, त्यावर आईचा नंबर आणि अंड्याचा नंबर. आत घडी घातलेला कागदाचा तुकडा ठेवा, कोष विणायला आडोसा लागतो. मावा थोडा थोडा रोज, ओल धरली तर बुरशी येते. तीन वेळा वाढून कोषात जाईल, सुटलेली कात फेकू नका, तिच्यावर केस जसेच्या तसे असतात. दर टप्प्याला एखादी अळी अल्कोहोलमध्ये ठेवा. प्रौढ बाहेर आली की एक दिवस तरी थांबा, पंख आणि कवच कडक होऊ द्या, रंग पण पूर्ण भरत नाही तोवर. चेहऱ्याचा फोटो जिवंतपणीच काढा, मग एक पाय अल्कोहोलमध्ये आणि बाकी किडा टाचणीला, रिकामा कोष त्याच टाचणीवर खाली.

सूक्ष्मदर्शी:
आणि नर निघाले की त्यातला एक माझ्याकडे पाठवा, पोट मी साफ करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.